चालत्या टर्बो इंजिनाचे हेड स्टड: हात लावायचा का, आणि लावायचाच तर कसा

इंजिनाची काही तक्रार नाही. सकाळी एका फटक्यात चालू होतं, कूलंट कमी होत नाही, बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, भरला की ओढही झकास. तरी डोक्यात किडा वळवळतोच: टर्बो आहे, बूस्ट थोडा वाढवलाय किंवा वाढवायचाय, तर हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट एकदा आवळून घ्यावेत का? की मूळ बोल्ट काढून चांगले मजबूत स्टडच, म्हणजे ब्लॉकमध्ये बसवून वरून नटाने आवळायचे दांडेच, टाकावेत?

दहातल्या आठ वेळा माझं उत्तर ‘नाही’ असतं. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? पण उरलेल्या दोन वेळा हात लावणं भागच असतं. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अर्धवट लावलेल्या हाताने, म्हणजे ‘नुसतं तपासून बघू’ म्हणत पाना लावणाऱ्याचं. म्हणून निर्णय पाना हातात घेण्याआधी व्हायला हवा. पहिला नट हलला की जुनी स्थिती परत मिळत नाही.

बोल्ट धरतो ते काय

हेडचा बोल्ट म्हणजे कडक स्प्रिंग. आवळला की तो ताणला जातो, आणि त्या ताणामुळे हेड, मधलं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारा थर) आणि खालचा ब्लॉक एकमेकांवर दाबून राहतात. ही जी पकड आहे तिच्याशी सिलिंडरमधला वायूचा दाब दर स्फोटाला भांडत असतो.

थोडं गणित करू. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८६ मिलिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ५८ चौरस सेंटिमीटर होतं. टर्बो पेट्रोल इंजिनात स्फोटाचा सर्वोच्च दाब १०० बार धरला, तर हेडला वर ढकलणारं बल ५८ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ६ टन. आता दुसरी बाजू. १०.९ दर्जाचा १० मिलिमीटरचा बोल्ट त्याच्या प्रूफ लोडच्या (कायमचा न ताणता सोसता येणाऱ्या भाराच्या) पाऊण भागापर्यंत आवळला तर सुमारे ३६ किलोन्यूटन पकड देतो, म्हणजे ३.७ टन. सिलिंडरभोवती असे चार. एकूण पंधरा टनांच्या जरा खाली.

सहाच्या समोर पंधरा, म्हणजे भरपूर झालं असं वाटेल. पण या पंधरातला बराचसा भाग गॅस्केटची रिंग दाबून ठेवण्यातच खर्च होतो. शिवाय हेड काही दगड नाही, दोन बोल्टांच्या मधल्या जागेत ते कणभर वाकतं. आता बूस्ट ०.७ बारवरून १.४ बारवर नेला, तर वातावरणाचा दाब धरून १.७ चे २.४ झाले. टायमिंग तसंच ठेवलं तर सिलिंडरमधला दाबही ढोबळमानाने त्याच प्रमाणात, म्हणजे ४० टक्क्यांनी वाढतो. सहाचे सव्वाआठ टन. आणि त्यात नॉकिंग (इंधनाचा अवेळी, अनियंत्रित स्फोट) झालं तर हे गणितच कोसळतं, कारण नॉकिंगचे दाबाचे झटके एका क्षणापुरते नेहमीच्या शिखराच्या कितीतरी वर जातात.

डिझेलवाल्यांनी हेच गणित १६० ते २०० बार धरून करावं. तिथे बोल्ट मुळातच जाड असतात, त्याचं कारण हेच.

बाजारातल्या जाहिरातींत एक गोष्ट सापडत नाही. मजबूत स्टड म्हणजे आपोआप जास्त पकड, असं नसतं. पोलाद कुठल्याही दर्जाचं असो, तेवढ्याच बलाला ते जवळपास तेवढंच ताणलं जातं. एआरपी या स्टड बनवणाऱ्या कंपनीचा ८७४० क्रोममॉली पोलादाचा स्टड तुटेपर्यंत सुमारे १३८० मेगापास्कल सोसतो आणि एआरपी २००० सुमारे १५०० सोसतो, तर १०.९ चा बोल्ट हजाराच्या आसपास. पण हा स्टड जुन्याच पकडीपर्यंत आवळला तर गॅस्केटच्या दृष्टीने काहीही बदललं नाही. फायदा मिळतो तो जास्त आवळल्यावर. आणि जास्त आवळलं की हेडची वॉशरखालची जागा, ब्लॉकमधले आटे आणि बोअरची गोलाई या तिघांवर जास्त भार येतो. बोअर होनिंग करताना, म्हणजे आतून घासून गोल करताना, चांगले कारागीर ब्लॉकवर जाड टॉर्क प्लेट आवळतात ती याचसाठी: पकडीने बोअरचा आकार बदलतो. जुन्या पकडीत गोल घासलेला बोअर नव्या पकडीत तेवढाच गोल राहील याची खात्री नाही. मग रिंगा वायू सोडू लागतात, तेल खर्च होतं, आणि आपण खुशीत असतो की स्टड भारी टाकले.

टॉर्क पाना काय सांगत नाही

टॉर्क पाना पकड मोजत नाही, फिरवायला किती जोर लागला ते मोजतो. त्या जोरातला साधारण निम्मा भाग नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतो तो जेमतेम १० टक्के. त्यामुळे घर्षण जरा बदललं की पकड प्रचंड बदलते. १० मिलिमीटरचा बोल्ट ६० न्यूटन-मीटरला आवळा. आटे कोरडे असतील तर पकड ३० किलोन्यूटनच्या आसपास. मॉलीचं वंगण लावलं असेल तर तेवढ्याच आकड्यावर ५०, म्हणजे १०.९ च्या बोल्टाच्या ४८ किलोन्यूटन प्रूफ लोडच्याही पलीकडे. पान्यावरचा आकडा मात्र दोन्ही वेळा साठच.

जुन्या, बसलेल्या बोल्टावर तर हा आकडा आणखीच फसवा. वर्षानुवर्षं जागेवर असलेला नट हलवायला आधी चिकटलेलं घर्षण तोडावं लागतं. पाना ‘टक’ करतो तो त्या चिकटलेपणामुळे, पकड पुरेशी आहे म्हणून नव्हे. खाली पकड निम्मी झालेली असली तरी पाना ‘टक’ करू शकतो.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे चार सिलिंडरचं टर्बो डिझेल होतं, अजिबात तक्रार नसलेलं. डिझेलचा पंप जरा वाढवून घेतला होता, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी रॉकर कव्हर उघडलं आणि ठरवलं की दहाही बोल्ट ‘नुसते तपासू’. मॅन्युअल होतं ते त्याच इंजिनाच्या जुन्या आवृत्तीचं. जुन्या आवृत्तीला जाड बोल्ट होते, माझ्याला बारीक, आणि तेही टॉर्क अधिक कोन या पद्धतीने आवळायचे. हे मला ठाऊक नव्हतं. पहिले सहा बोल्ट हललेच नाहीत, पाना लावला की टक. मी खूश. सातवा हलला. पाना जड होता, पण तो जडपणा वाढेना. दहा अंश, वीस, तीस, तेच वजन हातावर, टक काही येईना. पाव फेरा झाल्यावर मी थांबलो. कानामागून घाम ओघळला तो अजून आठवतो. बोल्ट यील्ड पॉइंटच्या, म्हणजे कायमचा ताणला जाण्याच्या मर्यादेच्या, पलीकडे गेला होता, आणि बाकीच्या नवांचं काय झालंय हे सांगायला आता कुणीच नव्हतं. ठणठणीत इंजिनाचं हेड मी त्या आठवड्यात उतरवलं.

यावरून पहिला नियम घ्या: कंपनीने बोल्ट कोनाने आवळायला सांगितले असतील, म्हणजे अमुक न्यूटन-मीटर आणि मग ९० अंश, असं काही, तर त्यांना टॉर्क पान्याने ‘तपासणं’ हा प्रकारच अस्तित्वात नाही. असे बोल्ट बहुधा यील्डपर्यंत ताणण्यासाठी बनवलेले असतात आणि बहुतेक उत्पादक ते एकदाच वापरायला सांगतात. पुन्हा आवळण्याची सूचना पुस्तिकेत असेल तरच आवळा. जुन्या कंपोझिट गॅस्केटच्या काही इंजिनांना ती असते, कारण ते गॅस्केट उष्णतेच्या फेऱ्यांत बसतं. पोलादी थरांच्या, म्हणजे एमएलएस गॅस्केटला सहसा नसते.

दुखणं आहे का, आणि ते हेडचंच आहे का

‘पाणी फेकतं, म्हणजे स्टड ढिले’ असं म्हणून लोक थेट सोडवायला बसतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसला प्रकार. पुढच्या चाचण्या याच क्रमाने करा. यातल्या कशालाही हेडला हात लावावा लागत नाही.

सुरुवात रेडिएटरच्या झाकणापासून. झाकणाची स्प्रिंग मेली असेल तर दाब धरला जात नाही आणि कूलंट बाटलीत येत राहतो. झाकणावर लिहिलेला दाब, बहुतेक गाड्यांत १ बारच्या आसपास, हातपंपाच्या टेस्टरवर धरून बघा. त्याच पंपाने थंड इंजिनाच्या कूलिंग सिस्टीमला दाब द्या आणि पंधरा मिनिटं सोडा. दाब पडला तर गळती शोधा: वॉटर पंप, हीटरचा कोअर, टर्बोकडे जाणाऱ्या कूलंटच्या बारीक नळ्या. टर्बोजवळच्या नळ्यांची गळती गरम धातूवर पडताच वाळते, खाली थेंब दिसतच नाही, फक्त पांढरट डाग उरतो.

मग सकाळची चाचणी. रात्रभर थंड झालेलं इंजिन चालू करा आणि मिनिटभरात वरचा रेडिएटर होज दाबून बघा. पाणी अजून कोमटही नाही आणि होज टणक झालाय, तर दाब उष्णतेने आलेला नाही, वायूने आलाय.

वायू ज्वलनाचाच आहे का, ते निळ्या द्रवाचा टेस्टर सांगतो. रेडिएटरच्या तोंडावर तो ठेवून वरची हवा द्रवातून ओढायची. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळ्याकडे झुकतो. आधी कूलंटची पातळी थोडी खाली घ्या, नाहीतर कूलंटच द्रवात ओढला जाऊन चाचणी वाया जाते. डिझेल आयडलला भरपूर हवेवर चालतं, त्याच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, म्हणून रंग पुसट बदलतो. इंजिनावर भार देऊन बघितलेलं बरं.

इथे डिझेलवाल्यांना दोन फसवे पाहुणे भेटतात. एक ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत फिरवलेला एक्झॉस्टचा वायू थंड करणारा. तो आतून फुटला की एक्झॉस्टचा वायू थेट कूलंटमध्ये जातो, टेस्टर पिवळा होतो, लक्षणं हुबेहूब गॅस्केट गेल्याची. कूलर बायपास करून पुन्हा चाचणी घेतल्याशिवाय हेडकडे बघूसुद्धा नका. दुसरा अवजड वाहनांतला ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर. त्याचं डोकं इंजिनाच्याच कूलंटने थंड होतं, आणि त्याचं छोटंसं गॅस्केट गेलं की रेडिएटरमध्ये बुडबुडे उसळतात. पण ती नुसती हवा असते, टेस्टर निळाच राहतो. एवढ्या एका रंगावरून हेड उतरवणं वाचलेली वाहनं मी पाहिली आहेत.

लीकडाउन चाचणीही करा. पिस्टन टीडीसीवर, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, सिलिंडरमध्ये ७ बारच्या आसपास हवा, आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. तेलाच्या तोंडातून फुसफुस म्हणजे रिंगा, एक्झॉस्टमधून म्हणजे व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट किंवा तडा, शेजारच्या प्लगच्या भोकातून म्हणजे दोन सिलिंडरमधली गॅस्केटची पट्टी. पण या चाचणीची मर्यादा ध्यानात ठेवा: हवा ७ बारची आहे आणि दुखणं कदाचित १०० बारला होतंय. बूस्टमध्ये हेड केसभर उचललं जात असेल आणि एरवी पुन्हा बसत असेल, तर लीकडाउन, कॉम्प्रेशन, सगळं उत्तम येईल.

त्यासाठी शेवटची चाचणी, माझ्या मते सगळ्यात बोलकी. कूलंटच्या एखाद्या बारीक होजमध्ये टी जोडून त्यावर दाबमापक लावा आणि नळी लांबवून तो दिसेल असा ठेवा. शेजारी बसणारा माणूस हवा. चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघायचं. इंजिन गरम होऊ द्या, दाब स्थिर होऊ द्या, मग मोकळ्या चढावर पूर्ण बूस्टचा एक जोर द्या. निरोगी इंजिनात दाब तापमानाच्या मागे हळूहळू चालतो. हेड उचललं जात असेल तर दाब बूस्टच्या मागे पळतो: पेडल दाबलं की काटा चढतो, सोडलं तरी लगेच उतरत नाही, पुढच्या जोराला आणखी वर. ओव्हरफ्लो बाटलीत एक पारदर्शक नळी सोडून ठेवली असेल तर तिच्यात बुडबुड्यांची माळ दिसते.

तेलाच्या झाकणाखालचा दुधाळ थर बघून लगेच घाबरू नका. थंड हवेत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत तो नुसत्या दमटपणामुळेही येतो. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ असेल तर मात्र इंजिन पुन्हा चालू करू नका.

निकाल

सगळं स्वच्छ आलं आणि बूस्ट कंपनीचाच आहे: झाकण लावा, हेड विसरून जा. ‘भविष्यासाठी’ स्टड हा वाईट सौदा आहे. आज तुमच्याकडे कारखान्यात बसवलेला, हजारो तास चाललेला जोड आहे, आणि बदल्यात मिळणार आहे अंगणात बसवलेला, एकही तास न चाललेला.

सगळं स्वच्छ आलं पण बूस्ट बराच वाढवायचाय: वरचं गणित तुमच्या बोअरवर आणि बोल्टांवर करून बघा. पण त्याआधी इंधन, टायमिंग आणि इंटरकूलर जागेवर आणा. नॉकिंगमुळे हेड उचलतंय आणि माणूस स्टड बदलतोय, हे मी कितीदा पाहिलं त्याला गणती नाही. मजबूत स्टडने नॉकिंग थांबत नाही, ते फक्त पुढची कमजोर जागा शोधतं, आणि ती बहुधा पिस्टनची रिंग लँड (रिंगांच्या खाचांमधली कड) असते. ट्यून नीट असूनही गणित काठावर येत असेल तर स्टड टाका, पण हेड उतरवून, सगळं मोजून.

फक्त बूस्टमध्ये दाब चढतो: लगेच बूस्ट खाली आणा आणि आठवडाभर निरीक्षण करा. कमी बूस्टवर दाब पूर्ण शांत राहिला तरी ‘आता नवे स्टड टाकले की झालं’ असं नाही. उचललेल्या हेडखालून गेलेला तप्त वायू गॅस्केटच्या रिंगेवर खूण सोडून जातो. ती खूण वरून आवळून जात नाही. हेड उतरवायचंच, फक्त आता ते तुमच्या सवडीने उतरवता येईल.

थंड इंजिनातच होज टणक होतो किंवा टेस्टर पिवळा होतो, आणि ते दोन फसवे पाहुणेही नाहीत: स्टडचा प्रश्नच उरला नाही. गॅस्केट तरी गेलंय नाहीतर हेडला तडा आहे. हेड उतरवा, प्रेशर टेस्ट करून घ्या, मग पुढचं.

बाहेरच्या कडेने तेल किंवा कूलंट पाझरतोय: जागा पुसा, टाल्कम पावडर मारा, दोन दिवसांनी बघा. बऱ्याचदा उगम वर रॉकर कव्हरपाशी निघतो. खरंच हेडच्या सांध्यातून असेल आणि थेंबही पडत नसेल, तर मी त्याच्यासोबत वर्षभर राहायला तयार असतो.

एकेक करून बदलण्याचा मोह

हेड न उतरवता एक बोल्ट काढायचा, त्याजागी स्टड बसवायचा, आवळायचा, मग पुढचा: लोखंडी ब्लॉकच्या मोठ्या डिझेलांवर ही पद्धत बरीच चालते, आणि तिथे ती बहुधा पचतेही. माझी हरकत तिच्यात जे दिसत नाही त्याला आहे. भोकाच्या तळाशी काय आहे दिसत नाही, आट्यांवरून चेसिंग टॅप (आटे न कापता साफ करणारा) फिरवला तर निघालेला कचरा बाहेर काढणं अवघड, आणि पृष्ठभाग सपाट आहे का हे कळायचा मार्गच नाही.

तरीही करायचंच असेल तर एवढ्या अटी एकत्र हव्यात: ब्लॉक लोखंडी, इंजिनाला लक्षण एकही नाही, गॅस्केट एमएलएस, स्टडचा व्यास मूळ बोल्टाएवढाच, आणि प्रत्येक बोल्टापर्यंत कॅमशाफ्ट किंवा त्याचा कॅरिअर न सोडवता सरळ पोचता येतं. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर मी हे करणार नाही. तिथले आटे जुन्या बोल्टासोबतच बाहेर येतात. कॅडिलॅकची नॉर्थस्टार व्ही८ इंजिनं याच दुखण्यासाठी कुप्रसिद्ध झाली. त्यात टाइम-सर्टसारखे पोलादी आटे बसवावे लागले की हेड उतरवणं आलंच.

इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभं. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. १०० मिलिमीटर उंचीचं हेड २० वरून ९० अंशांवर गेलं की बोल्टापेक्षा सुमारे ०.०८ मिलिमीटर जास्त वाढतं. गरम इंजिनात पकड मुळातच वेगळी असते, आणि गरम हेड सोडवलं तर ते वाकतं.

कूलंट ब्लॉकपर्यंत रिकामा करा. भोकं आंधळी आहेत की वॉटर जॅकेटमध्ये उघडतात, हे आधी पुस्तिकेतून शोधा. उघडत असतील तर स्टडच्या खालच्या आट्यांना सीलंट लागेल. पुस्तिकेतल्या आवळण्याच्या क्रमाने, म्हणजे मधून बाहेर, एकच बोल्ट सोडवा. सुटताना एक खणखणीत ‘टण्’ आणि मग हाताने फिरेल इतका मोकळा, हे निरोगी बोल्टाचं लक्षण. शेवटपर्यंत करकरत, अडखळत येत असेल तर आटे गंजलेत किंवा कुरतडलेत. त्याच क्षणी थांबा आणि हेड उतरवायची तयारी करा. पहिल्याच बोल्टाला हे झालं तर ते तुमचं नशीब, सातव्याला होण्यापेक्षा बरं.

रिकाम्या भोकात बारीक नळी घालून तेल-पाणी ओढून घ्या. फुंकर मारून नका काढू, उडालेला कचरा कुठे जाईल सांगता येत नाही. भोकात द्रव राहिला आणि वरून स्टड फिरवला तर तो द्रव दाबला जाऊन ब्लॉकच फोडू शकतो. याचा आवाज एकदा ऐकलेला माणूस पुन्हा विसरत नाही.

स्टड ब्लॉकमध्ये हातानेच बसवायचा, बोटांनी टेकेपर्यंत. पान्याने करकचून नाही. वॉशर आणि नटाच्या खाली स्टडवाल्याने दिलेलंच वंगण लावा, कारण त्याचा टॉर्कचा आकडा त्या वंगणासाठीच आहे. साधं इंजिन ऑइल लावलं तर आकडा वेगळा. नट तीन टप्प्यांत आवळा. सगळे स्टड बदलून झाले की त्याच क्रमाने एक शेवटची फेरी: प्रत्येक नट पाव फेरा सैल करून पुन्हा पूर्ण आकड्यापर्यंत. एकेक बदलताना शेजारी जुने बोल्ट जुन्याच पकडीत होते. ही फेरी नाही घेतली तर पकड ठिकठिकाणी वेगळी राहते.

हेड उतरवून

हा रस्ता लांब आहे, पण यात काही लपत नाही. बोल्ट आवळण्याच्या उलट क्रमाने, बाहेरून आत, प्रत्येकी थोडा थोडा सोडवा. हेड आणि ब्लॉक दोन्हींवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत तपासा. मर्यादा पुस्तिकेतली घ्या, बहुतेक ठिकाणी ती ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. एमएलएस गॅस्केटला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. ग्राइंडरवर स्कॉच-ब्राइटची चकती लावून ‘साफ’ केलेला ब्लॉक दिसायला चकाचक आणि प्रत्यक्षात खळग्यांचा असतो. शिवाय त्या चकतीची भुकटी बेअरिंगा खाते.

ब्लॉकचे आटे चेसिंग टॅपने साफ करा. धातू कापणारा साधा टॅप वापरला तर आटेच ढिले होतात. स्टड निवडताना बॉनेटखाली हेड स्टडवरून सरळ वर उचलायला जागा आहे का बघा. नसेल तर पुढच्या वेळी इंजिन खाली उतरवावं लागेल. एल१९ या फार मजबूत मिश्रधातूच्या स्टडचा नाद साध्या गाडीवर करू नका. ओलाव्याने हायड्रोजन शोषून ते अचानक तडकतात. उघड्या हातांचा घामही त्यांना नको असतो.

जोडल्यानंतर

इंजिन गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या, कूलंटची पातळी बघा. पुन्हा आवळायचं की नाही, हे गॅस्केटवाला आणि स्टडवाला सांगतील तसं. ते म्हणाले नको, तर नको. दाबमापक मात्र काढू नका. पहिले काही दिवस बूस्ट कमी ठेवा, मग थोडा वाढवून तीच चढाची चाचणी, मग पूर्ण. प्रत्येक वेळी काटा कुठे थांबला ते वहीत लिहा.

जुने बोल्ट भंगारात टाकू नका. क्रमांक घालून सपाट काचेवर डोक्यावर उभे करा आणि वर सरळपट्टी धरा. सगळे एका उंचीचे असतील तर एकही बोल्ट बाकीच्यांपेक्षा जास्त कायमचा ताणला गेलेला नाही. एखादा जास्त लांब निघाला तर त्याच्या शेजारचा गॅस्केटचा भाग आणि ब्लॉकचे आटे पुन्हा नीट बघा. माझे ते दहा बोल्ट अजून कपाटात आहेत. नऊ सारखे, आणि सातवा जरासा उंच.